मोटारींशिवाय २४० किलोमीटर: पिट्सबर्ग ते कंबरलंड सायकलने कसे जावे

अमेरिकेच्या पूर्व भागात राहणारे आपल्यातले बरेचजण हौसेने सायकल घेतात आणि शेजारून सुसाट जाणाऱ्या गाड्यांना वैतागून ती गॅरेजमध्ये टांगून ठेवतात. ती खाली काढायला लावणारी एक वाट आहे. पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गपासून मेरीलँडमधल्या कंबरलंडपर्यंत जाणारा हा सुमारे २४० किलोमीटरचा ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’. सगळे त्याला ‘गॅप’ म्हणतात. डोंगर, नद्या, दाट झाडी आणि गाड्यांची कटकट जवळजवळ नाहीच. मधूनमधून एखादा रस्ता ओलांडावा लागतो, तेवढीच.

वाटेचा बराचसा भाग म्हणजे वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा जुना मार्ग. १९७५ मध्ये तिथल्या गाड्या बंद झाल्या, पुढे रूळ निघाले आणि १९८६ मध्ये ओहायोपाइलजवळचा पहिला तुकडा सायकलींसाठी खुला झाला. शेवटचा दुवा जुळायला २०१३ उजाडले. मालगाडीला उभा चढ झेपत नाही, म्हणून रेल्वेवाल्यांनी डोंगर पोखरले, दऱ्यांवर पूल टाकले आणि चढ सौम्य ठेवला. आपल्या बोरघाटात रेल्वे दर ३७ मीटरला एक मीटर चढते. इथल्या सर्वांत चढाच्या टप्प्यातही सरासरी ७० मीटरला एक मीटर पडतो. त्यामुळे ‘आपल्याला घाट जमणार नाही’ ही भीती मनातून काढून टाका. इथे कस लागतो तो रोज चार-पाच तास सीटवर बसण्याचा. निघण्याआधी महिना-दीड महिना शनिवार-रविवारी सलग तीन तास सायकल चालवण्याची सवय करा, तेवढी तयारी पुरते.

१. दिशा ठरवा

वाटेतला सर्वांत उंच बिंदू ७२९ मीटरवर आहे आणि तो कंबरलंडपासून फक्त ३८ किलोमीटरवर. पिट्सबर्गहून निघालात तर दोनशे किलोमीटर हळूहळू, जाणवेल न जाणवेल असे चढत जाता आणि शेवटचे ३८ किलोमीटर सरळ उतार. कंबरलंडहून निघालात तर पहिल्याच सकाळी सगळा चढ अंगावर येतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने पिट्सबर्गहूनच निघावे, असे माझे ठाम मत आहे. सुरुवातीचे दोन दिवस बहुतेक सपाट असल्याने शरीर रुळते, सामान कुठे लागते, सीट किती वर हवी हे कळते.

२. मुक्काम आखा

चार दिवसांची आखणी बहुतेकांना झेपते. पहिला दिवस वेस्ट न्यूटन (सुमारे ५८ किमी), दुसरा ओहायोपाइल (६७), तिसरा मायर्सडेल (६५), चौथा कंबरलंड (५१). गावे छोटी, खोल्या मोजक्या. ऑक्टोबरात जायचे तर जागा उन्हाळ्यातच राखून ठेवा.

शक्य असेल तर ओहायोपाइलला अर्धा दिवस जास्त ठेवा. यॉकागेनी नदी इथे डोंगराला वळसा घालून धबधब्याने खाली येते आणि जुन्या रेल्वेपुलावरून ती दोन्ही बाजूंना दिसते. प्रसिद्ध वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी धबधब्यावर बांधलेले ‘फॉलिंगवॉटर’ हे घर इथून पाच-सहा किलोमीटरवर आहे. पण तो रस्ता चढाचा आणि वाहतुकीचा आहे. सायकल गावात ठेवून गाडीची सोय करा आणि तिकीट आधीच काढा.

३. हंगाम निवडा

एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत कधीही जाता येते. पानांचे रंग पाहायचे तर ऑक्टोबरचा मध्य गाठा. हिवाळ्यात मात्र एक अडचण आहे. माथ्याजवळचा सुमारे एक किलोमीटर लांबीचा ‘बिग सॅव्हेज’ बोगदा साधारण डिसेंबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत दारे लावून बंद ठेवतात, कारण आत झिरपणारे पाणी गोठून बांधकामाला इजा होते. त्या काळात वळसा घ्यायचा म्हणजे गाड्यांच्या, चढउताराच्या रस्त्यावर जाणे आले.

४. सायकल तयार करा

महागडी ग्रॅव्हल बाइक (कच्च्या वाटांसाठीची खास सायकल) लागत नाही. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचा टायर बसणारी कुठलीही हायब्रिड, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारी साधी सायकल, चालते. अगदी बारीक टायरची रेसिंग सायकल नेऊ नका. टायरमध्ये हवा दगडासारखी कडक भरू नका. अंगठ्याने जोरात दाबल्यावर थोडी दबेल इतकी ठेवा, म्हणजे हादरे कमी बसतात. सामान पाठीवर नको, कॅरिअरला बॅगा लावा.

वाटेवर चुनखडीची बारीक कच अंथरलेली आहे. कोरडी असताना ती छान दबून बसते. पाऊस पडला की तिचा राखाडी लगदा होतो, चाकाबरोबर उडतो आणि चेन, गिअर, ब्रेकमध्ये जाऊन बसतो. थोड्याच वेळात चेन करकरायला लागते. मुक्कामावर पोचलात की आंघोळीआधी सायकलीकडे बघा: साध्या पाण्याने हळू धार सोडून चेन आणि गिअर धुवा, जोराचा फवारा मारू नका, जुन्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग थेंब थेंब तेल सोडा आणि जादाचे पुसून टाका. ओल्या कचेवर नुसते तेल ओतले तर तेच वाळूसारखे घासत राहते. ब्रेकपॅड निघण्याआधी तपासा, कारण शेवटच्या दिवशीचा उतार त्यांच्याच भरवशावर आहे.

५. खाणे, पाणी, सुरक्षितता

गावे दहा-पंचवीस किलोमीटरवर भेटतात, पण दुकाने लवकर बंद होतात आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याला बऱ्याचदा पिझ्झा नाहीतर बटाट्याचे तळण येते. दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, भडंग जवळ असू द्या. दोन बाटल्या पाणी कायम भरलेले ठेवा. कॉनेल्सव्हिल ते कॉन्फ्लुअन्स या दरीच्या भागात फोनला रेंज भरवशाची नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. गवतात बसलात तर उठल्यावर पाय, पोटऱ्या, कपडे तपासा. इथल्या गोचिडांमुळे लाइम रोग होतो. बोगद्यांसाठी पुढचा आणि मागचा दिवा हवाच.

६. शेवटचा दिवस घाई न करता घ्या

मायर्सडेल सोडल्यावर १३ किलोमीटरवर माथा येतो. इथे रस्त्याखालच्या छोट्या भुयारी वाटेत सगळ्या मार्गाच्या उंचीचा आलेख रंगवला आहे. चार दिवसांचे कष्ट एका रेषेत दिसतात. या बिंदूच्या पश्चिमेला पडलेला पाऊस ओहायो आणि मिसिसिपीवाटे मेक्सिकोच्या आखातात जातो, पूर्वेला पडलेला पोटोमॅकमधून चेसापीकच्या उपसागरात.

बिग सॅव्हेजमध्ये शिरण्याआधी जाकीट घाला. भर उन्हाळ्यातही आत हुडहुडी भरते, छतातून थेंब मानेवर पडतात, दिवे असले तरी डोळे सरावायला वेळ लागतो. पलीकडे बाहेर पडताच मेरीलँडच्या डोंगररांगा एकदम समोर उलगडतात. मला सगळ्या वाटेवरची हीच जागा सर्वांत आवडते. तिथे बसा, लाडू खा.

मग उतार. वेग आपोआप वाढतो, पण कचेवर एकदम ब्रेक दाबला की चाक घसरते. दोन्ही ब्रेक हलके हलके लावत राहा. फ्रॉस्टबर्ग ते कंबरलंड या भागात पर्यटकांची रेल्वे शेजारच्या रुळावरून धावते आणि ‘ब्रश’ बोगद्यात वाट व रूळ एकत्रच आहेत. गाडी आत असेल तर बाहेर थांबा.

भारतातून आई-बाबा आले असतील आणि सायकल चालवत असतील, तर त्यांच्यासाठी हाच टप्पा निवडा. गाडीने फ्रॉस्टबर्गला जाऊन कंबरलंडपर्यंत २५ किलोमीटर उतरायचे. साठी-पासष्टीच्या, सायकलची सवय असलेल्या माणसाला वाटेत दोनदा थांबून सहज जमते. लहान मुलांसाठी ओहायोपाइल ते कॉन्फ्लुअन्स हा नदीकाठचा सतरा किलोमीटरचा भाग बरा. सायकली तिथे भाड्याने मिळतात.

७. पुढे किंवा परत

कंबरलंडला एक वाट संपते तिथेच दुसरी सुरू होते: चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठाने वॉशिंग्टनपर्यंत जाणारी २९७ किलोमीटरची. तिथे काही मैलांच्या अंतराने तंबूसाठी मोफत जागा आणि हातपंप आहेत, पण पृष्ठभाग बऱ्याच ठिकाणी मातीचा. दोन दिवस पाऊस झाला असेल तर चिखलातून जायची मनाची तयारी ठेवा आणि टायर थोडे रुंद घ्या. पॉ पॉ हा तिथला सुमारे साडेनऊशे मीटरचा बोगदा अंधारा आणि अरुंद आहे, तो सायकल हातात धरून चालतच पार करा.

परत पिट्सबर्गला यायचे तर कंबरलंडहून ॲमट्रॅक या अमेरिकी प्रवासी रेल्वे कंपनीची गाडी आहे. सायकलची जागा मोजकी असते, ती तिकिटाबरोबरच राखून ठेवा. गाडी पिट्सबर्गला रात्री उशिरा पोचते, तेव्हा त्या रात्रीच्या खोलीचीही सोय निघण्याआधीच करा.