गावाच्या सांडपाण्यावर झाडं कशी जगवावीत

गावात खडी आणि कर्दळीचा सांडपाणी प्रकल्प (आधी गाळ बसायची टाकी, मग कर्दळ लावलेला खडीचा वाफा, शेवटी पाणी बाहेर पडायचं चेंबर) उभा आहे आणि त्याच्या पाण्यावर झाडं लावायचं ठरलं आहे, असं धरून चालतो. जागा, कुंपण, श्रमदानाचा दिवस हे सगळं तुमचं तुम्ही बघालच.

रोपं आणायच्या आधी पाणी मोजा. शेवटच्या चेंबरमधून पडणाऱ्या धारेखाली 20 लिटरची बादली धरा आणि घड्याळ बघा. बादली 40 सेकंदांत भरली तर तासाला 1800 लिटर पाणी आलं. सकाळी, दुपारी आणि रात्री धार वेगळी असते, म्हणून तिन्ही वेळा मोजा आणि हिशेब उन्हाळ्यातल्या सगळ्यात बारीक धारेचा धरा. तेवढ्या पाण्यात जगतील तेवढीच रोपं लावा. हजार लावून दोनशे जगवण्यापेक्षा तीनशे लावून तीनशे जगवलेली कधीही बरी.

झाडं प्रकल्पाभोवती लावू नका. शोभेसाठी लावा, वास अडेल, असं सांगणारे खूप भेटतील. आम्हीही खडीच्या वाफ्याच्या कडेला उंबर लावले होते. तिसऱ्या वर्षी पाइपचा जोड उघडला तर आत वेणी घातल्यासारखी मुळं. पाण्याच्या ओढीने ती जोडातून शिरतात. शिवाय पानं खडीवर पडून कुजतात आणि कर्दळीचं ऊन जातं. झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल, निदान तेवढं अंतर ठेवा. वड, पिंपळ, उंबर प्रकल्पाच्या आसपास नकोतच. प्रकल्पाच्या खालच्या अंगाला उतारावर जागा धरली तर पंपही लागत नाही.

खड्डा, माती, आधाराची काठी नेहमीसारखीच. आच्छादन मात्र खोडाला टेकू देऊ नका.

आता मुख्य काम, म्हणजे वाफा तुंबू न देणं. यात माझी दोन वर्षं गेली. खडीवर पाणी दिसायला लागलं की आम्ही वाफ्याच्या तोंडाची खडी उपसून धुवायचो, परत भरायचो. चार महिन्यांत पुन्हा काळं पाणी वर, पुन्हा डास. कुणी म्हणालं, कर्दळ दाट लावा, मुळं खडी मोकळी करतात. तसं होत नाही. जर्मनीत 1950च्या दशकात केटे झायडेल यांनी पाणवनस्पतींनी सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग सुरू केले. पुढे 1970च्या दशकात राइनहोल्ड किकुथ यांनी मातीचे वाफे केले. मुळं माती मोकळी ठेवतील या भरवशावर केलेल्या त्या वाफ्यांत पाणी आत जायच्या ऐवजी वरूनच वाहायला लागलं, म्हणून नंतर खडी आली. मुळं जिवाणूंना आसरा देतात. तुंबलेली वाट मोकळी करणं हे त्यांचं काम नाही.

दोष खडीत नव्हता, आधीच्या गाळटाकीत होता. टाकी भरली की गाळ खाली बसत नाही, पाण्याबरोबर पुढे जातो आणि खडीच्या पहिल्या हातभर पट्ट्यात अडकतो. म्हणून दर तीन महिन्यांनी टाकी मोजा. लांब बांबूला खालून पांढरं जुनं कापड घट्ट गुंडाळा, झाकणातून सरळ तळापर्यंत सोडा, पाच मिनिटं तसाच धरा, मग सावकाश वर काढा. कापडावर जिथपर्यंत काळा, दाट, बोटाला लागणारा थर आहे तिथपर्यंत गाळ. वर साय धरली असेल तर तिची जाडीही त्यात मिळवा. दोन्ही मिळून टाकीतल्या पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाले, की उपसा करणारी गाडी बोलवा. आणखी एक पावसाळा जाऊ दे म्हणाल, तर खडी उपसायची तयारी ठेवा. उपसताना तळाशी वीतभर गाळ राहू द्या, जिवाणूंचं विरजण त्यातच असतं. काढलेला ओला गाळ झाडांच्या आळ्यात ओतू नका.

टाकीत माणूस उतरवायचा नाही. क्षणभरही नाही, दोर बांधूनही नाही. आतला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. आधी सडक्या अंड्यांचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणून माणूस खाली उतरतो. एकाला काढायला उतरलेला दुसराही जातो. झाकण उघडं असताना जवळ मुलं नकोत, बिडी नको.

वाफा आधीच तुंबला असेल तर पहिल्यांदा टाकी उपसा. मग वाफ्याच्या शेवटी असलेला फिरता एल्बो, म्हणजे पाइपचा वळवता येणारा कोपरा, खाली वळवून पाण्याची पातळी उतरवा आणि त्या वाफ्याचं पाणी दोन आठवडे बंद ठेवून दुसऱ्या वाफ्यात सोडा. खडीवरची बुळबुळीत साय वाळते, हवा लागून कुजून जाते. वाफा एकच असेल तर मध्ये भिंत घालून दोन करून घ्या, पाळीने वापरा. एवढं करूनही पाणी वर दिसलं, तरच तोंडाची खडी धुवा, आणि ते धुवण वाफ्यात सोडू नका. फिनेल, ब्लीचिंग, ॲसिड यांतलं काहीही ओतलं तर घाणीबरोबर जिवाणूही मरतात आणि शेवटच्या चेंबरला पुन्हा घाण वास सुटतो.

एरवी कचरा अडवणारी जाळी रोज साफ, तेलकट साय अडवणारं चेंबर आठवड्याला साफ, पाणी खडीच्या निदान 5 सेंटीमीटर खाली, कर्दळ वर्षातून दोनदा कापायची आणि कापलेलं वाफ्याबाहेर न्यायचं.

झाडांना हे पाणी पाटाने किंवा उघड्या पाइपने आळ्यात द्या. गाळणी नसेल तर ठिबक घालू नका, तोट्या शेवाळाने बंद होतात आणि झाड सुकेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. फवारणीही नको. पाणी स्वच्छ दिसलं तरी त्यात रोगजंतू असू शकतात, म्हणून कच्च्या खायच्या भाज्या त्यावर घेऊ नका आणि आळ्यात काम केल्यावर साबणाने हात धुवा.

बांबूचं माप, तारीख आणि मोजणाऱ्याचं नाव प्रकल्पावरच्या वहीत लिहून ठेवा. मोजणारी माणसं दोन तरी तयार करा, कारण एक जण गावाबाहेर गेला की हेच काम सगळ्यात आधी मागे पडतं.