ब्लॅककरंट कधी खाल्लं नव्हतं, तरी रेड वाइन शिकले

नाशिकला एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये मला आता सहा वर्षं होतील. हॉटेल मॅनेजमेंट करून येणारी मुलंमुली, कधी बीएस्सी झालेली, कधी नुसतीच आवड म्हणून येणारी, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो की ताई हे वास आणि चवी ओळखायला शिकायचं कसं, आणि जेवणाबरोबर कुठली वाइन सांगायची. दरवेळी तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून टाकते. मी फक्त रेडबद्दल लिहितेय, कारण नवीन माणसाची वाट लागते ती रेडमध्येच.

आधी माझं थोडक्यात. आम्ही निफाड तालुक्यातले, घरी द्राक्षबाग, पण खायच्या द्राक्षांची, थॉमसन. अण्णांना सांगितलं वायनरीत नोकरी लागली तर त्यांनी फक्त "बरं" म्हटलं, आत्याने मात्र गावभर केलं की पोरगी दारूच्या कारखान्यात लागली. अण्णा नंतर एकदा बघायला आले, शिराझ ह्या रेड वाइनच्या द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकला आणि म्हणाले, "ह्यात खायला काय आहे, साल न् बी." बरोबरच बोलले ते, कारण रेड वाइन म्हणजे निम्मी सालाचीच गोष्ट आहे. रस बहुतेक सगळ्या द्राक्षांचा पांढराच निघतो, रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो, म्हणून रेड करताना रस सालीबियांसकट आंबवतात आणि वर आलेला सालींचा थर रोज रसात बुडवत राहतात. बारीक मणी, जाड साल, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. टपोरं थॉमसन तिथे कामाचं नाही.

पहिल्या आठवड्यात मला एक छापील कागद दिला, पाठ कर म्हणून. कॅबरने सोव्हिन्यॉं ह्या द्राक्षाची वाइन म्हणजे ब्लॅककरंट, सिडार, ग्रॅफाइट असे वास. मी ब्लॅककरंट जन्मात बघितलं नव्हतं, सिडार म्हणजे काय ते गूगल केलं तर झाडाचा फोटो आला, फोटोला काय वास येणार. तरी पाहुण्यांसमोर घडाघडा म्हणायचे. एकदा शिराझ दिली तर पुण्याच्या एक काकू शांतपणे म्हणाल्या, "अगं मला तर जांभळाचा वास येतोय." मी म्हटलं नाही मॅडम, ब्लॅकबेरी. आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं ना, आजही आठवलं की कान गरम होतात. कारण जांभूळच होतं ते! मी नाक बंद करून कागद वाचत होते.

त्या रात्री वही केली. डाव्या बाजूला कागदावरचा शब्द, उजव्या बाजूला मला खरंच काय आठवलं ते. शिराझ समोर जांभूळ, मिरी, थोडी लवंग. मर्लोसमोर पिकलेली करवंदं आणि काळ्या मनुका. झिन्फांडेलसमोर घरी केलेला जॅम गॅसवर जरा जास्त आटला की येतो तो वास. कॅबरनेसमोर ढोबळी मिरची चिरतानाचा वास, विशेषतः फळ पूर्ण पिकायच्या आत तोडलेलं असेल तर. ओकच्या पिंपात राहिलेल्या वाइनसमोर खोबरं, व्हॅनिला, भाजलेली कॉफी. ही वही माझ्यासाठी कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त कामाची ठरली. आणि मंडईत जाऊन वास घेत फिरायचं, लाजायचं नाही, भाजीवाल्या मावशी हसतात, हसू द्या.

मिरीचं एक सांगते. शिराझमधल्या मिरीच्या वासामागे रोटंडोन नावाचा एक रेणू असतो आणि तोच खऱ्या काळ्या मिरीत पण असतो, म्हणजे ही कविकल्पना नाही. पण साधारण पाचातल्या एका माणसाला तो वास येतच नाही, नाकच तसं असतं. आमच्याकडे एक मुलगा होता, त्याला महिनाभर मिरी सापडेना, बिचारा नोकरी सोडायच्या गोष्टी करायला लागला. त्याला हे कळल्यावर एवढा हलका झाला. बाकी वास त्याला माझ्यापेक्षा चांगले कळायचे.

आता तोंडात काय होतं ते. इथे मराठी माणसाला आयता फायदा आहे कारण आपल्याकडे तुरट हा शब्द लहानपणापासून आहे. टॅनिन टॅनिन म्हणून लोक घाबरवतात, ते म्हणजे तुरटपणा, बस. कच्चं केळं, सुपारी, जास्त उकळलेला कोरा चहा, हिरड्या खरखरीत होतात ते टॅनिन. ॲसिड वेगळं, ते चिंच आठवली की तोंडाला पाणी सुटतं ते. नवीन लोक ह्या दोन्हीत गोंधळतात म्हणून सोपी खूण सांगते, घोट गिळल्यावर तोंड कोरडं पडलं तर टॅनिन, पाणी सुटलं तर ॲसिड, आणि चांगल्या रेडमध्ये दोन्ही होतं, आधी एक मग दुसरं. घशात ऊब जाणवते ते अल्कोहोल. बॉडी म्हणजे पातळ ताक आणि म्हशीचं दूध ह्यातला फरक, तोंडात भरल्यासारखं किती वाटतं ते.

थुंकायला शिका. हे सगळ्यात अवघड गेलं मला. पहिल्या ट्रेनिंगला आठ वाइन्स होत्या, प्रत्येकी पंचवीस-तीस मिली, मला वाटलं एवढ्याशाने काय होतंय, आणि घरात "अन्न थुंकू नये" ऐकत वाढलेली मी सगळं गिळत गेले. पाचव्या ग्लासानंतर सगळ्याच वाइन्स सुंदर लागायला लागल्या, आठव्यानंतर मी सरांना अहोजाहो सोडून अरेतुरे केलं. दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायची सोय नव्हती. टेबलावर जे भांडं असतं त्याला सगळे स्पिटून म्हणतात, माझ्या आजीकडे तंबाखूपानासाठी होती ती पिकदाणीच की ही. घरी बेसिनसमोर पाण्याने प्रॅक्टिस करा, धार नीट पडली पाहिजे.

बाकी शिस्त छोटीच आहे. टेस्टिंग सकाळी दहा-अकराला, जेवणाआधी. डिओ, अत्तर, वासाचं तेल, गजरा काही नको, पान-गुटखा तर नकोच. ग्लास तळाच्या दांडीला धरायचा. पांढऱ्या कागदावर तिरका करून कडेचा रंग बघायचा, जांभळट कड असेल तर तरुण वाइन, विटकरी झाली असेल तर वय झालेलं. आधी न हलवता वास घ्यायचा, मग गोल फिरवून.

आणि तापमान! पुस्तकात लिहितात रेड रूम टेम्परेचरला प्या, ती रूम युरोपातली, सोळा ते अठरा डिग्रीची. आपल्याकडे एप्रिलमध्ये खोली बत्तीसवर असते, त्यात रेड नुसती अल्कोहोल मारते, बेचव आणि जड. सर्व्ह करायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, कोण हसलं तर हसू दे. वाइन शॉपच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका, ती आत शिजलेली असते.

इथल्या रेड अशा का लागतात हे पाहुणे विचारतात, तेव्हा शेतकऱ्याच्या भाषेत सांगा, पटतं. युरोपात थंडीत वेल झोपते, वर्षाला एक छाटणी. आपल्याकडे तशी थंडीच नाही, मग दोनदा छाटायचं, एप्रिलमध्ये फांद्या वाढवायला खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळासाठी गोडी छाटणी, आणि पीक एकच, ते जानेवारी ते मार्च. म्हणजे तिकडे फळ पिकताना हवा गार होत जाते, इकडे तापत जाते. साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो. म्हणून आपल्याकडच्या रेड पिकलेल्या फळाच्या, गोलसर, अल्कोहोलला साडेतेरा-चौदा टक्क्यांपर्यंत जाणाऱ्या असतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, रात्री गार होतात, तेवढं आपलं नशीब.

आणि शिराझवरच थांबू नका, इतर वायनऱ्यांच्या इतर द्राक्षांच्या वाइनही चाखा. निफाडजवळ रेव्हेलो सिसिलीची नेरो दाव्होला करतात, अकलूजला फ्रातेल्लीची सांजोवेझे आहे, इगतपुरीकडे व्हॅलोने माल्बेक करतात, आणि कर्नाटकात नंदी हिल्सला ग्रोव्हरचं ला रिझर्व्ह, ते कॅबरने-शिराझचं ब्लेंड, बरंच जुनं नाव. नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाइन २००० साली आली आणि राज्याचं वाइनसाठीचं धोरण २००१ चं, म्हणजे इथला बहुतेक धंदा तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्याच वयाचा आहे. त्यामुळे इथे कोणी पिढीजात तज्ज्ञ बिज्ञ नाही, घाबरू नका.

आता जेवण. पेअरिंगची, म्हणजे जेवणाशी वाइन जुळवायची, पुस्तकं स्टेक आणि लॅम्बबद्दल बोलतात, पाहुणा विचारतो मिसळीबरोबर काय. म्हणून आधी घरी एक प्रयोग करा, बशीत साखर, लिंबाची फोड, मीठ आणि लाल तिखट घ्या, बरोबर एकच तुरट कॅबरने. आधी नुसती वाइन, मग साखर चाटून वाइन, मग लिंबू, मग मीठ, तिखट शेवटी. साखरेनंतर तीच वाइन कडवट आंबट होते, लिंबानंतर मवाळ, मिठानंतर तुरटपणा गुळगुळीत, आणि तिखटानंतर आग. अर्ध्या तासात पेअरिंगचा निम्मा सिलॅबस संपला समजा.

मी हे शिकायच्या आधी मैत्रिणींना घेऊन काळ्या मसाल्याच्या झणझणीत मिसळीबरोबर पिंपात मुरलेली चांगली महाग कॅबरने उघडली होती. अल्कोहोल तिखट भडकवतं, तिखट टॅनिनला कडू करतं, दोघं मिळून आमचं तोंड जाळलं. एकीने सरळ ताक मागवलं. तेव्हापासून मिसळीला रेड विचारली तर मी खरं ते सांगते, नको, गार रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, घ्या नाहीतर चहा प्या.

जमतं कुठे? वांग्याचं भरीत आणि शिराझ, हे मी पैज लावून सांगते. चुलीवर किंवा गॅसवर भाजलेल्या वांग्याचा धूर आणि शिराझची मिरी एकमेकांना ओळखतात, वर कच्चं तेल आणि बाजरीची भाकरी असेल तर अजून छान, फक्त हिरवी मिरची बेताने. कोल्हापुरी ताटात तांबड्या रश्शाला हात लावू नका पण पांढऱ्या रश्शाबरोबर मर्लो घेऊन बघा, नारळ-काजूचा स्निग्धपणा आणि मऊ वाइन. सुकं मटण, भाजलेलं खोबरं, चरबी थोडी अंगाला असलेलं, तिथे मात्र कॅबरनेला काम मिळतं, मीठ आणि चरबी तुरटपणा खाऊन टाकतात. टोमॅटोची भाजी, आंबट कशालाही सांजोवेझेसारखी आंबट बाजूची वाइन हवी, नाहीतर वाइन मेल्यासारखी लागते. तळलेला बांगडा आणि रेड एकदा करून बघा म्हणजे परत करणार नाही, रेडमध्ये थोडं लोह असतं, ते माशाच्या तेलाला भिडलं की तोंडात शिळ्या मासळीचा वास येतो. पुरणपोळीबरोबर ड्राय, गोडी नसलेली, रेड म्हणजे वाइनचा अपमान आणि पोळीचा पण.

कोर्सचं विचारता म्हणून. डब्ल्यूएसईटी हा वाइनचा आंतरराष्ट्रीय कोर्स, तो लेव्हल टूपर्यंत करा, ऑप्शनचे पन्नास प्रश्न, एक तास, पास व्हायला पंचावन्न टक्के. अवघड नाही पण सगळं युरोप पाठ करावं लागतं. लेव्हल थ्रीला लेखी उत्तरं आणि दोन वाइन्सची ब्लाइंड, म्हणजे नाव न दाखवता, टेस्टिंग, ती करायची तर आधी वर्षभर काम करा, मग पैसे घाला. वाइन बनवायच्या बाजूला जायचं असेल तर ते वेगळं शिक्षण, त्याला सायन्स लागतं. नोकरीचं म्हणाल तर शनिवार-रविवार विसरा, पाय दुखतात, सुरुवातीचा पगार बेताचा, आणि ड्राय डेला सुट्टी असेल असं वाटतं तर त्या दिवशी ग्लास पुसायचे असतात. इंग्रजी फाडफाड नसेल तर चालतं, वास खोटा सांगितला तर चालत नाही.

गेल्या सीझनला एक मुलगी आली, दिंडोरीकडची, पहिलाच आठवडा. एक जुनी रेड उघडली होती, मी ट्रेनिंगच्या ऐटीत सांगत होते की बघा, लेदर, किती कॉम्प्लेक्स वगैरे. ती नाक ग्लासात घालून बराच वेळ गप्प, मग हळूच म्हणाली, "ताई, राग नका मानू, पण आमच्या गोठ्यासारखा वास येतोय." मी परत घेतला वास. खरंच गोठा होता. ब्रेट नावाच्या यीस्टने वाइन बिघडवली की असाच वास येतो आणि मी त्याला लेदर म्हणत बसले होते. ती बाटली बाजूला ठेवून दुसरी उघडली, आणि तिला म्हटलं, ह्याचा वास आता तूच आधी घे.