वायरमन ठरवण्याआधीची तयारी: परवाना बघा, मग काम बघा

जुन्या फ्लॅटचं वायरिंग बदलायचं ठरलं की सगळे आधी विचारतात, माणूस परवानाधारक आहे ना? प्रश्न योग्यच आहे आणि तयारीही तिथूनच सुरू करावी. आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा असतो. त्याशिवाय राज्य सरकारचं वायरमन परमिट, सुपरवायझरचं प्रमाणपत्र आणि विद्युत ठेकेदाराचा परवाना या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना या सगळ्यांनाच ‘लायसन’ म्हणतात, म्हणून समोरच्याकडे नेमकं काय आहे ते विचारा, त्यावरचं नाव आणि मुदत वाचा. नवं मीटर घ्यायचं असेल किंवा महावितरणकडून लोड वाढवून घ्यायचा असेल, तर टेस्ट रिपोर्टवर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते. कागद नसलेला माणूस कितीही हुशार असला तरी तिथे अडतोच.

पण त्या कागदावरून इतकंच कळतं की या माणसाने कधीतरी ठरलेली परीक्षा पार केली आणि काम करायला त्याला कायद्याची आडकाठी नाही. तुमच्या घरी शिडीवर कोण चढणार हे त्यावर लिहिलेलं नसतं. सही एकाची आणि हात दुसऱ्याचे, हा प्रकार या धंद्यात सर्रास चालतो. म्हणून रोज काम करायला कोण येणार ते दर ठरवण्याआधीच विचारा. घर बघायला येताना त्यालाही बरोबर आणायला सांगा आणि बोलणं त्याच्याशी करा.

बोलायचं काय, याचीही तयारी हवी. माझ्या मते एक प्रश्न सगळ्यात उपयोगी: ‘आरसीसीबी सारखा पडत असेल तर काय करता, दादा?’ एमसीबी आणि आरसीसीबी हे मेन बोर्डातले धोका ओळखून आपोआप बंद होणारे, म्हणजे ‘पडणारे’, स्विच. एमसीबी वायरीला वाचवतो, जास्त लोड आला किंवा शॉर्ट झालं की पडतो. आरसीसीबी माणसाला वाचवतो. फेजमधून (वीज आणणाऱ्या वायरीतून) गेलेला करंट न्यूट्रलमधून (परतीच्या वायरीतून) पूर्ण परत आला नाही, म्हणजे कुठेतरी गळती आहे, हे ओळखून तो पुरवठा तोडतो. घरात तो 30 मिलिअँपिअरचा असावा. तो पडत असेल तर जाणकार माणूस एकेक सर्किट बंद करून गळती शोधतो. गिझरचा एलिमेंट तपासतो, इन्व्हर्टरच्या लाइनला दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल जोडलाय का ते बघतो. ‘काही नाही, डायरेक्ट करून देतो’, म्हणजे आरसीसीबी वगळून वायरी थेट जोडतो, असं उत्तर आलं तर चहा पाजा आणि निरोप द्या, मग खिशात कुठलंही प्रमाणपत्र असो. ओल्या पायांनी फ्रीजला हात लावणाऱ्या आपल्या मुलांसाठी ते यंत्र बसवलेलं असतं. ते डायरेक्ट करून देणाऱ्याला घरात घेऊ नये, यावर मी ठाम आहे.

शक्य असेल तर त्याने आधी केलेलं एखादं घर बघून या. तिथला दिवाणखाना बघून काही कळत नाही. घरमालकाची परवानगी घेऊन, मेन स्विच बंद करून, वायरमनलाच एक थ्री-पिन सॉकेट उघडायला सांगा. वरच्या मोठ्या भोकाला हिरवी वायर आलेली दिसली पाहिजे. काही ठिकाणी अर्थिंगची वायर ओढलेलीच नसते आणि न्यूट्रलपासून त्या पिनला वायरीचा बोटभर तुकडा जोडून दिलेला असतो. टेस्ट लॅम्प लावला तर दिवा झकास पेटतो, बघणाऱ्याला वाटतं अर्थिंग आहे. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर त्याच तुकड्यातून वॉशिंग मशिनच्या पत्र्यावर फेज येतो. शिवाय असं जोडलेलं असलं की उपकरणाच्या पत्र्यावर आलेली गळतीही त्या तुकड्यातून न्यूट्रलमधूनच परत जाते, त्यामुळे आरसीसीबीला ती कळत नाही.

मालाचं थोडक्यात. लाइट-पंख्याला दीडची, पॉवर प्लगला अडीचची, एसी-गिझरला चारची (चौरस मिलीमीटर जाडीची) वायर लिहून घ्या. 2000 वॅटचा गिझर साधारण 9 अँपिअर घेतो, तो लाइटच्या सर्किटवर कधीच नको. वायरीवर आयएसआय खूण बघा आणि शक्यतो कॉइल तुम्हीच पक्क्या बिलावर आणा.

काम सुरू होण्याआधी दोन अटी कागदावर असू द्या. पहिली, भिंतीत झिरी मारून पाइप टाकले की प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढायचे, बाजूला टेप धरून. पुढे खिळा ठोकताना हेच फोटो कामाला येतात. पाइपच्या आत वायरीला जोड द्यायचा नाही, लागलाच तर जंक्शन बॉक्समध्ये.

दुसरी अट मेगर टेस्टची. मेगर म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र. ‘मेगर आहे का’ एवढं विचारलं तरी माणसाचा अंदाज येतो. मेन बंद, बल्ब काढलेले, सगळी उपकरणं प्लगमधून बाहेर, आणि मग 500 व्होल्टवर फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं इन्सुलेशन मोजायचं. रीडिंग 1 मेगाओहमच्या खाली नको. नव्या वायरिंगला ते कितीतरी जास्त यायला हवं, नाहीतर कुठेतरी साल खरवडलेली आहे किंवा पाइपात पाणी आहे. उपकरणं काढायला तो स्वतःहून सांगतो का ते बघा. न काढता मेगर लावला तर एलईडी आणि इलेक्ट्रॉनिक सामान जाऊ शकतं. रीडिंग सर्किटनिहाय लिहून सही करून घ्या. परवाना ज्याच्या नावावर आहे त्याने या दिवशी हजर राहायचं, हेही आधीच ठरवा.

कागद नाही पण तीस वर्षं हेच काम केलंय, असे वायरमन प्रत्येक पेठेत आहेत आणि त्यांतले काही फार उत्तम काम करतात. असा माणूस घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, फक्त तो परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली हवा आणि ठेकेदाराने न मोजता सही करायची नाही. कसोटी दोघांना सारखीच लावा.

पैशांचा शेवटचा हप्ता टेस्टिंगनंतर द्यायचा. त्या दिवशी आरसीसीबीचं टेस्टचं बटण तुमच्यासमोर दाबायला लावा, ते पुढे दर महिन्याला तुम्हीच दाबायचं आहे. डीबीच्या, म्हणजे एमसीबी बसवलेल्या मेन बोर्डाच्या, दाराला आतून कोणता एमसीबी कुठला याची चिठ्ठी चिकटवून घ्या. आणि महिनाभराने एक फेरी याच पैशांत ठरवा: लोडवर गरम-थंड होऊन तांब्याच्या वायरी बसतात, स्क्रू सैल होतात, ते त्या फेरीत पुन्हा आवळून घ्यायचे.