स्टोमा बॅगचा वास आणि उन्हाळा: या चुका टाळा

स्टोमा म्हणजे ऑपरेशन करून पोटावर काढलेलं तोंड. त्यातून येणारा मळ किंवा लघवी स्टोमा बॅगमध्ये जमते. धड असलेल्या स्टोमा बॅगमधून वास बाहेर येत नाही. तिचं प्लॅस्टिक वास अडवण्यासाठीच बनवलेलं असतं. त्यामुळे बॅग बंद असताना वास आला तर वाटा चारच: फ्लँजखालून (बॅग त्वचेला धरून ठेवणाऱ्या चिकट चकतीखालून) गळती, बरबटलेलं खालचं तोंड, भिजलेला फिल्टर (गॅस सोडून वास अडवणारा) किंवा बॅगला पडलेलं भोक. अत्तर, अगरबत्ती, रूम फ्रेशनर यांनी यातली एकही वाट बंद होत नाही.

म्हणून आधी शोध घ्या. पांढरा कोरडा टिश्यू घेऊन पहिल्यांदा खालचं तोंड पुसा, मग फिल्टरवर टेकवा, शेवटी फ्लँजच्या कडेनं गोल फिरवा. डाग जिथे पडेल तिथे दुरुस्ती. फ्लँजखाली खाज किंवा चुरचुर सुरू झाली असेल तर गळती वास येण्याआधीच लागलेली असते. तेव्हा वासाची वाट न बघता फ्लँज बदला.

तारखेवर बोट ठेवून फ्लँज ताणणं

फ्लँजचा चिकट थर ओल शोषून घेतो. स्टोमाच्या बाजूनं मळाची ओल आणि त्वचेच्या बाजूनं घाम, दोन्ही त्यातच मुरतात. थर फुगतो, पांढरा पडतो, विरघळतो. डिसेंबरात चार दिवस टिकणारा फ्लँज मे महिन्यात दोन-तीन दिवसांतच हात टेकतो, आणि तरीही खर्चाचा विचार करून तो चौथ्या दिवसापर्यंत ओढला जातो. काढलेल्या फ्लँजची मागची बाजू बघायची सवय लावा. भोकाभोवतीचा पांढरा, बुळबुळीत पट्टा बाहेरच्या कडेजवळ पोचला असेल तर पुढचा फ्लँज एक दिवस आधी बदला. पट्टा अरुंद असेल तर आहे ते अंतर बरोबर आहे.

चंद्रपूर-अकोल्याकडे पारा 45 च्या घरात जातो, पण हवा कोरडी असल्यामुळे घाम सुकतो. तिथे त्रास मुख्यतः उष्णतेनं मऊ पडणाऱ्या चिकट थराचा. मुंबईत आणि कोकणात तापमान कमी असतं, पण घाम सुकतच नाही आणि फ्लँज कडेपासून सुटतो. दमट गावात राहणाऱ्यांनी बदलण्याआधी त्वचा कोरडी करण्याला जास्त वेळ द्यावा.

गळती लागल्यावर वरून चिकटपट्टी मारणं ही तर सगळ्यात महागात पडणारी काटकसर. मळ आत कोंडतो, त्वचा सोलवटते, आणि सोलवटलेल्या ओल्या त्वचेवर पुढचा नवा फ्लँजही धरत नाही.

घामट अंगावर घाईनं बॅग लावणं

बॅग सकाळी, चहा-नाश्त्याआधी बदला. त्या वेळी स्टोमा सहसा शांत असतो आणि उकाडाही चढलेला नसतो. आंघोळ झाल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली बसा. स्टोमाभोवतीची त्वचा साध्या कोमट पाण्यानं पुसा. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट नको, त्यानं त्वचा जळजळते. तेलकट साबण, खोबरेल, टाल्कम पावडर आणि बाळांचे ओले वाइप्स नकोत, कारण त्यांचा थर राहतो आणि फ्लँज त्या थराला चिकटतो, त्वचेला नाही. स्टोमा पावडर फक्त ओलसर, सोलवटलेल्या जागेवर भुरभुरायची आणि जास्तीची झटकून टाकायची.

मग माप. ऑपरेशननंतर साधारण सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत असतो, आणि दवाखान्यातून घरी येताना घेतलेलं माप पुढे महिनोन्‌महिने चालू राहतं. फ्लँजचं भोक स्टोमापेक्षा साधारण 2 मिलिमीटर मोठं हवं. त्याहून मोठं झालं तर उघड्या त्वचेवर मळ साचतो आणि गळती तिथूनच सुरू होते. पेस्टला बरेच जण डिंक समजतात. ती खळगे आणि सुरकुत्या बुजवण्यासाठी असते. बारीक रेघ ओढा, मिनिटभर सुकू द्या, मग फ्लँज बसवा आणि तळहातानं एक-दोन मिनिटं दाबून धरा. हाताच्या उबेनं तो नीट बसतो. त्यानंतर लगेच वाकणं, ओझं उचलणं टाळा.

फ्लँज ठेवायचे कुठे? पत्र्याच्या घरात छताला टेकलेल्या माळ्यावर नको, स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत मुळीच नको. चिकट थर तिथेच मऊ पडतो. फ्रीजही नको. सावलीतलं कपाट बस.

टाचणीनं भोक पाडणं

गॅसनं बॅग फुगली की टाचणी टोचली जाते. गॅस जातो, पण ते भोक कायमचं राहतं आणि बॅग बदलेपर्यंत वास येत राहतो. खालचं तोंड उघडून गॅस सोडा. दोन भागांची बॅग असेल तर फ्लँजवरची रिंग वरच्या बाजूनं जराशी उघडा. फिल्टरची बॅग असेल तर आंघोळीआधी सोबत मिळालेला स्टिकर फिल्टरवर लावा. फिल्टर भिजला की काम करत नाही. इलिओस्टॉमीच्या (लहान आतड्याच्या स्टोमाच्या) पातळ मळानं तो आतून लवकर बुजतो.

बॅगमध्ये अ‍ॅस्पिरिनची गोळी टाकण्याचा जुना सल्ला अजूनही फिरतो. गोळी स्टोमाला लागली तर जखम होऊन रक्त येऊ शकतं. बॅगमध्ये टाकायचे वासावरचे थेंब मिळतात, ते वापरा.

भरेपर्यंत थांबणं

एक तृतीयांश भरली की बॅग रिकामी करा. जड बॅग फ्लँजला खाली ओढते. आधी भांड्यात मगभर पाणी ओता म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. भारतीय पद्धतीच्या संडासात बैठ्या स्टुलावर बसून तोंड भांड्यात सोडणं सोपं जातं. रिकामी झाल्यावर तोंडाची आतली बाजू दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत टिश्यूनं पुसा, मगच दुमडून बंद करा. ही पुसणी राहून जाते, आणि माणूस दिवसभर गळती शोधत बसतो.

बॅग आतून धुवायचीच असेल तर साधं पाणी पुरे, पण पाण्याचा जोर फ्लँजपर्यंत पोचू देऊ नका. गरम पाणी आणि उन्हात वाळवणं यांनी प्लॅस्टिक खराब होतं आणि मग त्यातून खरंच वास झिरपतो. पैसे वाचवायचेच असतील तर फ्रेशनरचे वाचवा.

परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा नेमका स्टोमावर येत असेल तर मळ खाली न उतरता फ्लँजखाली सरकतो. नाडी वर किंवा खाली घ्या. बॅगला सुती खोळ घाला म्हणजे प्लॅस्टिकखाली घामोळं येत नाही, आणि खोळ रोज धुवा. फ्लँजखाली खाजणारे लाल बारीक पुरळ आले तर ती बुरशी असू शकते. डॉक्टरांकडून मलमाऐवजी पावडर मागा, मलमावर फ्लँज चिकटत नाही.

वास येऊ नये म्हणून कमी खाणं, कमी पिणं

लसूण, कांदा, अंडी, सुकट-बोंबील, मुळा, कोबी, पावटे यांनी अनेकांना वास किंवा गॅस वाढतो, पण सगळ्यांना नाही. एकेक पदार्थ बंद करून तीन-चार दिवस बघा. कोलोस्टॉमीत (मोठ्या आतड्याच्या स्टोमात) परिणाम दिसायला एक-दोन दिवस जातात, इलिओस्टॉमीत काही तासांतच दिसतो. दही-ताक पुष्कळांना मानवतं. कडक उपास मात्र उलटा पडतो, कारण रिकाम्या आतड्यातही गॅस होतोच.

पाणी तोडणं तर धोक्याचं. इलिओस्टॉमीत पाण्याबरोबर मीठही जातं, म्हणून उन्हाळ्यात नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा मधूनमधून ओआरएस घ्या. एका लिटरची पुडी एका लिटरमध्येच विरघळवा आणि उरलेलं 24 तासांनी टाकून द्या. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. दिवसाला दीड-दोन लिटरहून जास्त मळ येऊ लागला, तोंड कोरडं पडलं, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. युरोस्टॉमीत (लघवीच्या स्टोमात) उग्र वास बहुतेकदा दाट लघवीचा असतो. पाणी वाढवूनही तो राहिला आणि सोबत ताप किंवा कंबरदुखी आली तर संसर्ग तपासून घ्या. पण नमुना बॅगमधला देऊ नका, त्यात आधीच जंतू वाढलेले असतात.

वापरलेली बॅग उघड्या डब्यात टाकणं

न्हाणीघरातल्या बिनझाकणाच्या डब्यात दुपारभर पडलेली बॅग घरभर वास सोडते, आणि तो वास माणसाच्या नावावर जातो. बॅग रिकामी करा, वर्तमानपत्रात गुंडाळा, पिशवीत घालून गाठ मारा आणि झाकणाच्या डब्यात टाका. संडासात टाकू नका, तुंबतं. पुण्यात अशा पुडक्यावर लाल ठिपका काढायची पद्धत आहे, म्हणजे कचरा वेचणाऱ्याला ते उघडावं लागत नाही. इतर गावांतही पुडकं वेगळं ठेवून गाडीवाल्याच्या हातात देताना तेवढं सांगा.