जाईला फुलं येत नाहीत? आधी या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की मला ठरलेला प्रश्न येतो, "जाईला नुसती पानंच येतायत, कोणतं खत घालू?" बरोबर फोटोही असतो. वेल हिरवागार, तजेलदार, आणि मागे शेजारच्या इमारतीची भिंत. खताचा विषय माझ्यापुरता तिथेच संपतो. जाईला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. 'उजेड भरपूर आहे हो आमच्याकडे' म्हणजे ऊन नव्हे. उत्तरेच्या गॅलरीत हौसेने जाई लावली असेल तर ती वाढेल, लांबेल, गजावर चढेल आणि फुलणार मात्र नाही. तिथे मनीप्लांट लावा आणि जाई गच्चीवर न्या.

ऊन आहे आणि तरीही फुलं नाहीत, तर बहुतेक वेळा कात्रीच लागलेली नसते. ही चूक मला सर्वांत जास्त छळते, कारण ती प्रेमापोटी होते. जाईला कळ्या धरतात त्या नव्या फुटीवर. जुन्या, जाड, तपकिरी फांद्यांवर काही येत नाही. वर्षानुवर्षं हात न लावलेला वेल खालून उघडा पडतो आणि जे काही फुलतं ते पार टोकाला, आपल्या हाताबाहेर.

आमच्या शेजारच्या काकूंची जाई अशीच होती. तळमजल्याच्या अंगणात लावलेली, ग्रिलवरून चढत दुसऱ्या मजल्यावर पोचलेली. खाली मनगटाएवढी खोडं आणि पाचोळा, वर घमघमाट. "वेल आम्ही लावला, पाणी आम्ही घालतो आणि देवाला फुलं वरच्यांच्या," हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. छाटा म्हटलं की, "छे, उघडीबोडकी दिसेल." शेवटी डिसेंबरच्या अखेरीस, त्या लेकीकडे गेल्या असताना, काकांनीच मला बोलावलं. आठवडाभर आधी पाणी तोडायला सांगितलं आणि मग वेल कमरेएवढा ठेवून बाकी सगळा उतरवला. वाळकं, एकमेकांत गुंतलेलं, आतल्या बाजूला वळलेलं, सगळं गेलं. राहिले पाच-सहा दणकट फाटे. वरच्या मजल्यावरच्यांनीसुद्धा हळहळून विचारलं, "मेली का हो जाई?"

काकू परत आल्या आणि माझ्याशी बोलेनाशा झाल्या. थंडीत वेल लवकर हलत नाही, त्यामुळे अबोला जरा लांबला. मग पेरांवर समोरासमोर डोळे फुगले, तांबूस-हिरवे, तांदळाच्या दाण्याएवढे. छाटणीनंतर कळ्या दिसायला साधारण तीन-साडेतीन महिने लागतात आणि एवढा धीर लोकांना नसतो. मधल्या काळात काकूंच्या मुलाने कुठलासा व्हिडिओ बघून बुंध्याशी मूठभर युरिया टाकलाच. फूट अशी सणसणीत आली की बघत राहावं, पण हातहात लांब, लुसलुशीत, आणि कळीचा पत्ता नाही. युरिया म्हणजे नत्र (नायट्रोजन), ते जास्त झालं की वेल पानांच्याच मागे लागतो. युरिया बंद करायला लावला, लांबट शेंडे खुडले, जमीन नीट वाळू दिली. पावसाळ्यात काकूंनी परडी भरून जाई आणून दिली, अबोला सुटल्याचं मात्र बोलून दाखवलं नाही.

तर छाटणी डिसेंबरची अखेर ते जानेवारी. कात्री धारदार हवी, काप तिरका आणि पेराच्या जरा वर. गंजक्या कात्रीने फांदी चिरडली की तिथून ती खाली वाळत येते. आणि माळीबुवा जून-जुलैमध्ये 'फार माजलीय' म्हणून कळ्यांवर आलेला वेल भादरायला निघाले, तर त्यांना चहा पाजून परत पाठवा.

खताचं माझं गणित साधं आहे. छाटणीनंतर जमिनीतल्या वेलाला दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड, पावसाच्या तोंडावर पुन्हा थोडं. चहाचा चोथा, तांदळाचं पाणी, ताक, केळीच्या साली, हे आज एक उद्या दुसरं ओतत राहणाऱ्यांच्या कुंडीत चिलटं होतात, फुलं नाही.

पाणी रोज घालायचं व्रत घेऊ नका. बोट पेरभर मातीत घाला, ओल लागली तर आजचं पाणी नाही. कुंडी निदान सोळा इंची, भोकं मोकळी आणि खाली ताटली नको. पावसाळ्यात ताटलीत साचलेल्या पाण्याने मुळं कुजतात आणि पानं पिवळी पडायला लागली की लोक आणखी पाणी घालतात! पिवळेपणा मात्र नीट बघा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे नेहमी होतं. फेरस सल्फेट लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा. चमचा 'जरा भरून' घेतलात तर पानं करपतील.

रोप घेताना पानं बघा, पाटीवर विश्वास ठेवू नका. जाईचं पान संयुक्त असतं, म्हणजे एकाच देठावर छोट्या पानांची, पर्णिकांची, रांग; बहुधा सात पर्णिका, शेवटची मोठी आणि टोकदार, आणि कळीला बाहेरून गुलाबी झाक. जुईच्या पानाच्या बुडाशी कानासारख्या दोन चिमुकल्या पर्णिका असतात. अखंड, लवदार पानांचा कुंद जाई म्हणून गळ्यात पडला तर हिवाळ्यात पांढरी फुलं भरपूर मिळतील, वासाचं नाव नाही.

आधार रोप लावतानाच उभा करा. काकडीसारखे स्प्रिंगवाले तंतू जाईला फुटत नाहीत, तिला बांधावंच लागतं. तार नको, ती खोडात रुतते. जुन्या सुती साडीच्या चिंध्या, सैल गाठ.

कळ्या जांभळट होऊन, न उमलताच गळत असतील तर एखादी चिरून बघा. आत हिरवट अळी किंवा विष्ठा दिसली तर खाली पडलेल्या कळ्यांसकट सगळ्या वेचून पिशवीत बांधून फेका, कंपोस्टमध्ये नको. मग निंबोळी अर्काची फवारणी, आठवड्याने पुन्हा. एकदाच फवारून 'काही उपयोग नाही' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

गजरा करायचा असेल तर भरलेल्या, मिटल्या कळ्या संध्याकाळी काढा आणि ओल्या फडक्यात ठेवा. रात्री उमललेली फुलं सकाळी ओवायला घेतली तर दुपारपर्यंत लाल पडतात, आणि त्याचा दोषही लोक खतालाच देतात.