पगाराच्या आकड्यांवरून बेसबॉल संघ कसा जोखावा

मी वहीत दोनच रकाने आखते: संघाचा पगारखर्च आणि हंगामातल्या 162 सामन्यांतले विजय. मग सरळ भागाकार. 2002 साली ओकलंड या अमेरिकी संघाने सुमारे 4 कोटी डॉलरमध्ये 103 सामने जिंकले. न्यूयॉर्कच्या यांकीज संघानेही 103च, पण सुमारे साडेबारा कोटींत. म्हणजे एक विजय ओकलंडला चार लाखांना पडला, यांकीजला बारा लाखांना!

विजेतेपद या भागाकारात मिसळू नका. त्या वर्षी दोघेही प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत बाद झाले. पाच सामन्यांच्या मालिकेत एका पिचरचा (चेंडू फेकणाऱ्याचा) वाईट दिवस पुरतो. (ओकलंडची ती हार मला अजून सलते.) त्यामुळे किमान दहा वर्षांचे आकडे शेजारी मांडा, आणि त्यात 2023चे मेट्स घ्याच: सर्वांत महागडा संघ, विजय फक्त 75.