अधिवासाचं काम मुलांना शिकवताय? या चुका टाळा

सप्टेंबरातला रविवार होता. नागपूरच्या काटोल रोडपलीकडे एका पडीत जागेवर नववीतली एक मुलगी घाणेरीच्या (लँटाना, बाहेरून येऊन सगळीकडे पसरलेलं झुडूप) खुंटाकडे वाकून बघत होती. तो खुंट तिनंच मार्चमध्ये कोयत्यानं तोडला होता. त्या दिवशी पस्तीस मुलांनी सकाळपासून राबून ती जागा मोकळी केली होती, आम्ही फोटो काढले होते आणि सगळ्यांना समोसे वाटले होते. आता त्या एका खुंटातून नऊ फांद्या वर आल्या होत्या. तिनं त्या बोटानं मोजल्या आणि विचारलं, "सर, म्हणजे आपण घाणेरी कमी केली की वाढवली?"

वाढवलीच होती. चूक मुलांची नव्हती, आम्हा शिकवणाऱ्यांची होती. त्यानंतर बरीच वर्षं मी नागपूर आणि आसपासच्या गावांतल्या मुलांबरोबर हे काम, म्हणजे प्राणी-पक्ष्यांच्या राहत्या जागा नीट करण्याचं काम, करतोय. त्याच त्याच चुका नव्या गटांत पुन्हा होताना दिसतात, म्हणून हे लिहितो.

सुरुवात वाघापासून करणं

नागपूरच्या मुलाला वाघाबद्दल काही सांगावं लागत नाही. पेंच, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, बोर, ताडोबा ही नावं घरात रोज कानावर पडतात. पण सफारी करून आलेल्या मुलाला विचारा, चितळ कोणतं गवत खात होतं? तो गप्प होतो. वाघ चितळावर जगतो, चितळ गवतावर, आणि ते गवत कुठे टिकतं, कशानं मरतं, हे कळलं की अधिवास म्हणजे काय ते मुलांना कळायला लागतं. चारा, पाणी, आडोसा आणि वावरायला पुरेशी जागा, ही चारही त्या प्राण्याच्या आवाक्यात हवीत. एक जरी नसलं तरी बाकीच्या तिन्हींचा उपयोग नाही.

यातून एक मोठी चूक होते. मुलांना आपण सांगतो, "जंगलासाठी काम करू या." पण जंगलात कोणासाठी? अमेरिकेत फोर-एच या युवा चळवळीचा वन्यजीव अधिवास शिक्षणाचा एक कार्यक्रम आहे. त्यात मुलांना जमिनीचा एक तुकडा आणि ठरावीक प्रजाती देतात. त्या प्रजातींसाठी तिथे काय बदलायचं याचा आराखडा मुलं स्वतः लिहितात आणि परीक्षकांसमोर त्याचं समर्थन करतात. हे आपल्याकडे सहज जमण्यासारखं आहे. मी एकच जागा चार गटांना देतो. एका गटाला टिटवी, दुसऱ्याला तितर, तिसऱ्याला चितळ, चौथ्याला स्वर्गीय नर्तक हा पक्षी. टिटवीवाल्यांना उघडी, खडकाळ जमीन हवी असते. तितरवाल्यांना झुडपं आणि मधूनमधून मोकळं गवत, चितळवाल्यांना कुरण आणि त्याला लागून झाडी, तर नर्तकवाल्यांना नाल्याकाठची गर्द सावली. मग मुलं भांडतात. त्या भांडणात ती जे शिकतात, ते माझ्या दहा तासांच्या व्याख्यानात शिकत नाहीत.

तण वरून कापणं

घाणेरी जमिनीलगत किंवा वरून छाटली की मूळ आणि खोड जिथे जुळतात तिथले डोळे फुटतात. एका फांदीच्या जागी पाच-सहा येतात. मार्चमध्ये तर जमीन दगडासारखी असते, मूळ हलतच नाही, म्हणून मुलं कोयता चालवतात आणि मोकळी होतात. पहिला पाऊस पडला की सगळं परत उभं.

नीट पद्धत अशी. पावसानं जमीन भिजलेली असताना, फळं धरायच्या आत, खुंटाभोवतीची माती बाजूला करायची. मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीनं तोडायचं, झुडूप उपटायचं आणि मुळं आभाळाकडे करून उलटं ठेवून द्यायचं, म्हणजे ते परत रुजत नाही. काळी पिकलेली फळं असलेल्या फांद्या ओढत नेऊ नका. रस्ताभर बी सांडतं. आणि पुढच्या पावसाळ्यात परत या. बुलबुल आणि साळुंक्या ती फळं खाऊन ज्या झाडांवर बसतात, त्या झाडांखाली रोपांचा गालिचा उगवलेला असतो. तो हातानं उपटला की झालं. ही दुसरी फेरी बहुतेक गट करतच नाहीत, आणि पहिल्या फेरीची मेहनत तिथेच वाया जाते.

आणखी एक सांगायचं राहतं. अख्खी जागा एकदम मोकळी करू नका. घाणेरी वाईट खरी, पण आज तीच ससा-तितरांचा आडोसा झालेली असते. पट्ट्या पाडा, यंदा एक तृतीयांश जागा, पुढच्या वर्षी आणखी तेवढीच. मोकळ्या पट्टीत गवताचं बी टाका, नाहीतर रिकाम्या जागेत रानतुळशीचं तण घुसतं. बी बाजारातून आणू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्याच जमिनीवरून मारवेल, शेडा, पवन्या यांचं बी मुलांकडून गोळा करा, सुकवून पिशवीत ठेवा आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी फेका.

रानतुळस आणि तरोटा यांचं गणित सोपं आहे, फक्त वेळ चुकवू नका. दोन्ही फुलाच्या आत, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उपटायचे. तरोटा तर जूनच्या कोवळेपणी भाजीसाठी खुडायला लावा, घरची आईही खूश होते. रानतुळस डिसेंबरात उपटली तर तिचं वाळलेलं बी मुलांच्या मोज्यांना चिकटून गावभर जातं.

गाजरगवताला मात्र मुलांनी उघड्या हातानं शिवू नये. त्वचेला खाज सुटते, दमा असलेल्याला त्रास होतो. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडावर रुमाल, आणि दम्याच्या मुलाला त्या दिवशी नोंदवहीचं काम. पावसाळ्यात त्याच्या पानांवर पिवळसर, तपकिरी रेघांचे भुंगेरे दिसतात. मुलं ते कीड समजून चिरडतात. ते मेक्सिकन भुंगेरे आहेत, गाजरगवत खाण्यासाठीच भारतात आणलेले. त्यांना जेवू द्या.

दिसेल तिथे झाड लावणं

हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं. जूनमध्ये एका शाळेच्या गटानं गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर दोनशे खड्डे खणायला घेतले होते. अंतर दोरीनं मोजलेलं, सगळं शिस्तीत. कळमेश्वर तालुक्यातला एक मुलगा कुदळ उचलून तसाच थांबला. पायाशी बारीक दगडांत चार अंडी होती, मातकट, काळ्या ठिपक्यांची, निमुळती टोकं आत करून ठेवलेली. डोक्यावर टिटवी ओरडत फिरत होती. तो म्हणाला, "आजोबा म्हणतात, टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जोरात येते." मग त्यानं कुदळ खाली ठेवली. बाकीच्यांनीही ठेवली.

त्या जागेची महसुली नोंद 'झुडपी जंगल' अशी होती. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे, आणि २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती वनजमीनच असल्याचं स्पष्ट केलं. तरीही आपल्या बोलण्यात झुडपी म्हणजे टाकाऊ. मुलांना आपण नकळत हेच शिकवतो की जिथे मोठं झाड नाही तिथे काहीच नाही. खरं तर तिथे चंडोल जमिनीवर घरटं करतो, खोकड बीळ खणते, रोही (नीलगाई) चरतात. तिथे दाट झाडं लावली की सावलीनं गवत मरतं, आणि फांद्यांवर बसायला जागा मिळाल्यानं कावळे जमिनीवरची घरटी हेरतात. माळरानाला झाडांची भेट नको असते.

मग मुलांनी झाड लावूच नये का? लावावं. नाल्याकाठी जांभूळ, अर्जुन, उंबर, करंज. जिथे पूर्वी झाडी होती आणि तुटली, तिथे मोहा, चारोळी, तेंदू, बेहडा, पळस. शेताच्या धुऱ्यावर बोर. सुबाभूळ आणि गुलमोहर ही परदेशी झाडं रोपवाटिकेत फुकट मिळाली तरी परत करा. आणि लावण्याआधी त्या जागेवर दोन सकाळी नुसतं बसून पाहायला लावा: कोण येतं, कुठून, कशावर बसतं.

पाणवठा बांधून विसरणं

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पाणवठ्याची कल्पना प्रत्येकालाच सुचते. एका गटानं दोन फूट खोल, चौकोनी, सरळ भिंतींची सिमेंटची टाकी बांधली. आठवड्यानं गेलो तर पाण्यावर दोन खारी आणि एक सरडा तरंगत होते. आत पडलेल्याला वर यायला वाटच नव्हती. एका मुलानं काठीनं त्या खारी बाहेर काढल्या आणि कुणाशी न बोलता टाकीत दगड रचायला घेतले.

उतार असलेला, बशीसारखा उथळ पाणवठा करा. आधीच टाकी असेल तर एका कोपऱ्यात दगडांचा चढ करा. दर आठवड्याला घासून धुवा, साचलेल्या पाण्यातून रोग पसरतात. आणि पहिली कुदळ मारण्याआधी फळ्यावर लिहा: १० मे ला पाणी कोण भरणार? सुट्टीत गावी गेलेली मुलं नाही भरणार. नाव लिहिता येत नसेल तर बांधू नका, कारण सवय लागलेला प्राणी कोरड्या टाकीपाशी येऊन उभा राहतो. पेंचसारख्या प्रकल्पात याच कारणासाठी सौरपंपावरच्या बोअरवेल केल्या आहेत. मुलांच्या हाताला झेपणारं काम वेगळं आहे: गावच्या जुन्या बोडीतला (छोट्या तळ्यातला) गाळ काढणं, कोरड्या नाल्याच्या रेतीत झिरा, म्हणजे पाणी झिरपून साचेल असा खड्डा, उकरणं.

सगळं उन्हाळी शिबिरात कोंबणं

शाळेला सुट्टी मेमध्ये, म्हणून शिबिरही मेमध्ये. पण तणाचं काम पावसाळ्यातलं, बियांचं ऑक्टोबरातलं, स्थलांतरित पक्ष्यांचं हिवाळ्यातलं. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि आग पसरते. ते टाळायला गावातली मुलं घरच्यांसोबत तोच पाला झाडून काढू शकतात. जाळरेषेचं (वणवा पुढे जाऊ नये म्हणून आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) जाळकाम मात्र वनखात्याचंच, मुलांना त्याच्या आसपास नेऊ नका. वर्षातून सहा अर्धे दिवस द्या. पाच दिवसांच्या शिबिरापेक्षा ते कितीतरी भारी पडतात.

रात्रीचं शिबिर असेल तर हॅलोजन बंद ठेवा. अंधार हाही अधिवासाचाच भाग आहे. २०२४ मध्ये पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेली जागा, झालं, मुलांना तिथलं आभाळ दाखवा.

परवानगीचं थोडक्यात. राखीव वनात, अभयारण्यात तणही स्वतःच्या मनानं उपटायचं नसतं. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचं लेखी पत्र घ्या. शाळेत राष्ट्रीय हरित सेना (मुलांचा पर्यावरण गट) असेल तर सामाजिक वनीकरणाकडून वाट सोपी होते. गावात ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद, मुलांना वाचायला मागा.

सुरक्षेत तडजोड नको. उजाडताना आणि अंधारताना काम नाही. बिबट्या-वाघाच्या भागात मुलांना एकेकटं, झुडपाकडे पाठ करून खाली बसू देऊ नका. सप्टेंबरच्या गवतात घोणस असते, बूट आणि काठी हवीच.

अडलं तर

मुलं दुसऱ्यांदा येत नसतील, तर बहुधा त्यांना पहिल्या कामाचा निकाल दिसलेला नसतो. बांबूची एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा, दर वेळी त्याच जागी ठेवा, आत कोणतं गवत, किती तण, ते मोजा. एका ठरलेल्या दगडावर उभं राहून दर वर्षी त्याच तारखेला फोटो घ्या.

शाळेला बातमीसाठी झाडं लावतानाचा फोटो हवाच असेल, तर नाल्याकाठी वीस झाडं लावा आणि माळ वाचवा. मुख्याध्यापकांना एकदा जागेवर न्या, मुलांनाच सांगू द्या. ती आपल्यापेक्षा चांगलं पटवतात.

केलेलं काम उलटलं असेल, तर लपवू नका, तेच शिकवा. त्या नऊ फांद्या मोजणाऱ्या मुलीनं पुढच्या ऑगस्टमध्ये तोच खुंट खणून काढला. आता ती कॉलेजात आहे. नोंदवही तिनं आठवीच्या गटाकडे दिली, त्यात त्या खुंटाच्या पानावर खुणेचा दगड, तारीख आणि खाली एक ओळ आहे: "खुंट क्र. १४. मूळ तोडलं. शेडा उगवला, घोट्याएवढा. कोपऱ्यात घाणेरीची दोन रोपं, जुलैत बघणे."